बिनइस्त्रीची साक्ष

सायप्रसमधल्या व्रिसूदी गावात म्हातारी मिरोफोरू आणि तोफी धनगर यांच्यात बोलणं बंद होतं, त्याला त्या ऑगस्टात अकरा वर्षं झाली. कारण साधंच होतं. तोफीच्या शेळ्या मिरोफोरूच्या द्राक्षमळ्यात शिरल्या आणि वेली बुडख्यापर्यंत ओरबाडून गेल्या. माफी मागायची सोडून तोफी कॉफीच्या दुकानात चारचौघांत म्हणाला, "शेळीला काय ठावं येल कुनाचा?" लोक हसले. मिरोफोरूचा नवरा असता तर तोही हसला असता आणि महिन्याभरात तोफीबरोबर पत्ते खेळायला बसला असता. पण नवरा नव्हता, आणि मिरोफोरू विसरणाऱ्यांतली नव्हती.

तेव्हापासून दर ऑगस्टात, द्राक्षं भरायला लागली की ती राखणीला बसायची. दुपारी बारा ते चार सगळं गाव झोपतं. त्या उन्हात तिकडे कुत्रंही फिरत नाही. मिरोफोरू मात्र मळ्याच्या बांधावर कॅरोबच्या झाडाखाली, शेजारी गोट्यांचा ढीग रचून, कान दरीकडे लावून बसलेली असायची. खाली दरीत झरा होता, वर चिनारांची दाट सावली. तोफी दुपारी कळप तिथे बसवायचा. वरून काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. तेवढं तिला पुरे होतं. घंटा वर सरकायला लागल्या की ती गोटा उचलायची.

त्या बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला उत्तरेकडच्या तांबड्या डोंगरावर आग लागली. संध्याकाळपर्यंत तीन टेकड्या, दोन गोठे आणि रानातलं एक जुनं चर्च जळून गेलं. माणूस दगावला नाही एवढंच. तोफी चार वाजता धूर बघून इतरांबरोबर बादल्या घेऊन धावला, पण दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा गार्ड पोलिसांना म्हणाला की हे काम तोफीचंच. शेळ्या रानात घातल्या म्हणून त्याने तोफीला दोनदा दंड केला होता, आणि दुसऱ्या वेळी तोफी सगळ्यांच्या देखत ओरडला होता, "जळू दे तुजं रान!" ते खरंच होतं. सगळ्या गावाने ऐकलं होतं. पोलिसांनी तोफीला उचलून नेलं.

मिरोफोरू दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्याला काळा रुमाल बांधला आणि स्वतःच्या पायाने चौकीवर गेली. तोफी आळशी होता, तोंडाळ होता, त्याच्या शेळ्यांना वळण म्हणून नव्हतं. पण त्या दुपारी बारापासून चारपर्यंत तो खाली झऱ्यावर होता हे तिला ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असलेलं जगात दुसरं कुणी नव्हतं. या गोष्टीचा तिला मनापासून राग आला होता.

चौकीतला हवालदार तरुण होता, सभ्य होता. त्याने तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. ती बोलत गेली, तो लिहीत गेला. तिने म्होरक्या बोकडाच्या चिरफळलेल्या घंटेचं सांगितलं, लहान घंटांचं सांगितलं, तोफीच्या पाव्याचं सांगितलं, दगडी कुंडीवर पाणी पिताना घंटा कशी आपटते ते हातवारे करून दाखवलं. मग त्याने कागद वाचून दाखवला : "सदर दिवशी दुपारच्या सुमारास मला दरीच्या दिशेने प्राण्यांचे व संगीताचे आवाज ऐकू आल्याचे स्मरते."

"ह्ये मी म्हनलं?" तिने विचारलं.

"हेच म्हणालात, आजी. फक्त व्यवस्थित लिहिलं आहे."

तिने सही केली. का केली, हे तिचं तिलाच पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही.

सायप्रसच्या माणसाला जन्माबरोबर दोन ग्रीक मिळतात. एक घरातली, मळ्यातली, भांडणाची आणि लाडाची. दुसरी अथेन्सकडची, शाळेतली, बातम्यांतली, सरकारी कागदातली. त्या दुसरीला गावात बोरूवाल्यांची भाषा म्हणतात, आणि म्हणताना नाक थोडं मुरडतात. पण बोरूवाला समोर आला की तेच लोक पाठ ताठ करून त्याच भाषेत बोलायला लागतात. मिरोफोरूलाही ती येत होती. सहा यत्ता शिकताना मास्तरीणबाईंनी फूटपट्टीने हातावर शिकवली होती. मात्र आयुष्यभरात त्या भाषेत तिने सांगितलं असं काही नव्हतंच. मास्तरीणबाईंना ती 'होय बाई' म्हणाली. जमीन मोजणाऱ्याने मळ्याचा कोपरा रस्त्यात घातला तेव्हा 'बरं साहेब' म्हणाली. दवाखान्यातल्या डॉक्टरने, आपण शक्य ते सगळे प्रयत्न केले, असं सांगितलं तेव्हा 'आपले आभारी आहोत' म्हणाली, आणि नवऱ्याला नेमकं काय झालं होतं ते विचारायचं राहून गेलं. घरी येऊन तिने हंबरडा फोडला तो गावच्या भाषेत.

खटला उभा राहिला नोव्हेंबरात. तोफीच्या वकिलाने मिरोफोरूला साक्षीला बोलावलं. तिच्याशिवाय त्याच्याकडे दुसरं होतंच काय!

आदल्या रविवारी तिची मुलगी रोदूला शहरातून आली. रोदूला वीस वर्षं बँकेत होती आणि बोरूवाल्यांची भाषा अशी बोलायची की अथेन्सचा माणूसही फसावा. आईकडे असताना बँकेचा फोन आला आणि आई मागून शेळीवर नाहीतर शेजारणीवर ओरडत असली, की ती पटकन मोबाइलवर तळहात दाबायची. मिरोफोरूने ते कितीदा पाहिलं होतं. कधी काही म्हणाली नव्हती.

रोदूलाने आईचा निळा पोशाख इस्त्रीला घेतला आणि इस्त्री फिरवता फिरवता शिकवणी सुरू केली.

"आई, वकील विचारतील, आपण त्या दिवशी काय ऐकलंत? काय सांगशील?"

"सांगन की. त्या मुडद्याचा बोकूड सावलीत बसला व्हता, आन् त्याची ती फुटकी घंटा..."

"मुडद्या न्हाई म्हनायचं गं! म्हणजे... आई, 'मुडदा' म्हणायचं नाही. 'आरोपी' म्हण."

"तोफीला आरोपी म्हनू? अगं, त्याचं नाक म्या पुसलंय ल्हानपनी."

"कोर्टात म्हणावं लागतं. आणि हळू बोल, हात हलवू नकोस. टीव्हीवर बघतेस ना, गावचं बोलणारा माणूस पडद्यावर आला की त्याने काही म्हणायच्या आधीच लोक हसायला लागतात. तुला हसले तर तोफीचं काय होईल?"

हे शेवटचं मिरोफोरूला पटलं. ती हसण्याला घाबरत नव्हती. पण तोफीला चौदा वर्षंही होऊ शकतात असं वकिलाने सांगितलं होतं, आणि तोफीचं वय होतं छप्पन्न. म्हणून तीन दिवस ती चुलीपुढे बसून चीजसाठी दुधात विरजण ढवळताना पुटपुटत राहिली, 'मला आवाज ऐकू आले, मान्यवर. होय, मान्यवर.' चीज मात्र त्या आठवड्यात बिघडलं.

कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. वर जज, पांढऱ्या भुवयांचे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्यापुढे टंकलेखक बाई, करड्या केसांच्या, दिवसभर स्वतःहून एक अक्षर न बोलणाऱ्या. डावीकडे तोफी, दोन पोलिसांच्या मधे, उसना कोट घालून. तो तीन महिन्यांत वाळला होता. मिरोफोरूने त्याच्याकडे बघितलं नाही. अकरा वर्षांची सवय होती.

तिने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. तोफीच्या वकिलाने दोन-चार प्रश्न विचारले, आणि तिने रोदूलाने शिकवलेली उत्तरं दिली. दुपारच्या वेळी मला दरीतून आवाज ऐकू आले. होय, घंटांचे. होय, आरोपीच्या कळपाचे असावेत. "असावेत की होते?" वकिलाने विचारलं. "होते... असावेत," ती म्हणाली. त्या भाषेत नुसतं 'होते' म्हणून थांबणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

मग सरकारी वकील उठला. तरणाबांड, गुळगुळीत दाढी केलेला, आवाज लोण्यासारखा.

"मिरोफोराबाई," त्याने कागदावरचं नाव वाचलं, "आपण एवढ्या लांब आलात, त्रास झाला असेल."

"त्रास कसला, साहेब."

"आपण आरोपीला त्या दुपारी प्रत्यक्ष पाहिलं नाही."

"नाही, साहेब."

"झरा आपल्या मळ्यापासून बराच खोल आहे."

"खोल आहे, साहेब."

"घंटा तर इतर धनगरांच्या शेळ्यांनाही असतात."

"असतात."

"आणि उन्हात, थकलेल्या अवस्थेत, आपल्या वयाला, ऐकण्यात चूक होण्याची शक्यता असते. मी काही वावगं बोलत नाही ना?"

"नाही, नाही, साहेब. शक्यता असते."

"आभारी आहे, बाई."

"मीही आभारी आहे."

म्हणजे तिने तोफीला बुडवलं, आणि वर आभार मानले. हे तिला त्याच क्षणी कळलं. तोंडातून शब्द निघत होते आणि आत कुणीतरी ओरडत होतं, पण ती जी नीटनेटकी बाई बोलत होती तिला हे ओरडणं ऐकू येत नव्हतं. तोफीच्या वकिलाने हातातला कागद खाली ठेवला. जज म्हणाले, "आपण जाऊ शकता." ती पायरी उतरली.

आणि डावीकडून आवाज आला. दबका, घोगरा, अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी बोललेला.

"मिरोफोरू, चार येलांपायी मानसाला गाडलंस गं बये."

ती थांबली. रोदूलाने मागच्या बाकावरून मान हलवली, नको नको म्हणून. मिरोफोरूने तोफीकडे वळून बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं.

"चार?" ती म्हणाली. "चार येल? आरं मुडद्या, सत्तावीस येल खाल्लं तुज्या शेरडांनी! सत्तावीस! आन् माज्या नवऱ्यानं सोताच्या हातानं लावल्यालं!"

"म्हंजी त्याचा सूड ह्यो?"

"सूड घ्यायाचा असता तर घरीच बसले नसते का? कशाला मरायला आले हितं, ह्यो पोशाख घालून?"

"मग न्हाई ऐकलं म्हनून कशापायी सांगितलंस? ऐकलं न्हाईस तू?"

"न्हाई कसं? सगळं ऐकलंय! बाराला तू आलास, तुजा त्यो ढवळा बोकूड म्होरं, त्याची घंटा चिरफळल्याली, खोकल्यावानी वाजती. अकरा वरसं म्हनती मी, बदल ती घंटा, बदल!"

"मला कवा म्हनलीस?"

"मनात म्हनली!"

"शांतता!" जज म्हणाले. कुणी ऐकलं नाही. सरकारी वकील उठून उभा राहिला. "मान्यवर, साक्षीदार कठड्यातून उतरलेली आहे आणि ही जी काही भाषा चालली आहे..." तोफी कठड्यावर वाकून ओरडत होता, "घंटेला नावं ठिवू नगंस, माज्या बापाची घंटा हाय ती!" मिरोफोरू म्हणाली, "बापानं घंटा दिली, अक्कल द्यायाची इसरला."

"गप बसा की रं दोगं बी!" जज कडाडले.

पोलीस जजकडे बघायला लागले. टंकलेखक बाईंची बोटं हवेतच थांबली. जजनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पांढऱ्या भुवयांखाली त्यांचा चेहरा थोडा लाल झालेला दिसला. "न्यायालयात शांतता राखावी," ते म्हणाले. "बाई, आपल्याला आणखी काही सांगायचं असेल तर परत कठड्यात या, आणि कृपा करून नीट ग्रीकमध्ये सांगा."

मिरोफोरू पायरी चढून परत वर गेली. तिने डोक्याचा रुमाल सैल केला. हात कठड्यावर ठेवले, मग उचलले, कारण हातांशिवाय तिला बोलता येत नव्हतं.

"नीट ग्रीकमंदी न्हाई सांगनार, सायेब."

"का?"

"मगाशी नीट ग्रीकमंदी जी बोलली ती मी न्हवं. ती माज्या लेकीनं इस्त्री करून आनल्याली बाई. तिला काय बी ईचारा, ती व्हय सायेब म्हनती. तिला डागतर म्हनला तुजा नवरा मेला, ती म्हनली आभारी हाय. तिला हवालदारानं कागुद दिला, तिनं सही ठोकली. त्या भाषेत मला व्हय म्हनाया शिकवलंय सायेब, न्हाई म्हनाया कुनी शिकवलंच न्हाई. तुमी मानसाला जेलात घालनार, आन् साक्ष घेनार त्या बाईची? मी शपत घेतली ती माज्या तोंडानं घेतली. आता सांगनार ते बी माज्याच तोंडानं. हसायचं त्यानं हसून घ्यावं, मी थांबती."

ती खरोखरच थांबली. सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. कुणी हसलं नाही.

"मान्यवर, माझी हरकत आहे," सरकारी वकील म्हणाला. "हे नोंदीत समजणार नाही."

"तुमास्नी समजलं न्हाई?" मिरोफोरूने त्याला विचारलं. "तुमचं गाव कंचं?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"मगाशी आभार मानताना गावचा हेल निसटला तुमच्या तोंडातनं. डोंगरापल्याडचं हाय बोलनं. आजी हाय का? सनाला गेलासा म्हंजी तिच्यासंगं काय अथेन्सचं बोलता?"

जजनी वकिलाकडे बघितलं. "आपल्याला समजलं नाही का, वकीलसाहेब?"

"समजलं," तो म्हणाला, "परंतु उलटतपासणीचा माझा हक्क..."

"घ्या की," मिरोफोरू म्हणाली. "हवं तितकं ईचारा."

आता त्याच्या आवाजातलं लोणी गेलं होतं. "बाई, घंटा शेळ्यांच्या गळ्यात असतात. शेळ्या सावलीत बसवून माणूस डोंगरावर जाऊन आग लावून परत येऊ शकतो. तुम्ही घंटा ऐकल्यात. माणूस ऐकलात का?"

तोफीच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न येऊ नये म्हणून तो सकाळपासून देवाला आळवत होता. पोलिसांच्या कागदात याचं उत्तर नव्हतं.

"ऐकला की," मिरोफोरू म्हणाली. "पावा वाजवत व्हता."

"पावा कुणीही वाजवू शकतो."

"असा न्हाई वाजवू शकत. लगनातलं गानं हाय, नवरीला सजवत्यात तवाचं. सगळ्या गावाला येतं. तोफी ते अकरा वरसं वाजवतोय आन् अकरा वरसं येकाच जागी चुकतोय. हितं." तिने बोटं तोंडाशी धरली आणि शिट्टीने ते गाणं वाजवलं, भर कोर्टात, वर चढत गेली, चढत गेली, आणि जिथे सूर खाली यायला हवा तिथे तो अडखळून पुन्हा वरच गेला. मागच्या बाकावर कुणीतरी कळवळून 'च्च' केलं. "ऐकलंसा? दर खेपेला माजं दात शिवशिवत्यात. त्या बुदवारी तासाला सा-सात येळा वाजवला. गावातल्या चर्चची घंटा झाली तीनची, तवा बी चुकला. मग बोकडानं पानी प्यालं, घंटा कुंडीवर आपटली ठण्णकन, आन् ह्यो परत चुकला. चारला वर आली शेरडं, मी गोटा मारला, आन् ह्यो खालनं शिव्या द्याया लागला. तवाच आमाला धूर दिसला."

"मी न्हाई चुकत," तोफी म्हणाला.

"चुकतोस."

"मी तसंच वाजवतो. आज्जा तसंच वाजवायचा."

"मग त्यो बी चुकायचा!"

कोर्टात पहिल्यांदा हसू फुटलं. पण ते टीव्हीसमोरचं हसू नव्हतं. सरकारी वकिलाने कागद उलटसुलट केले. "हे आपण पोलिसांना का सांगितलं नाहीत?"

"सगळं सांगितलं. त्यास्नी ईचारा काय लिवलं त्ये. प्रान्यांचं व संगीताचं आवाज." तिने ते शेवटचं वाक्य इतकं हुबेहूब हवालदाराच्या आवाजात म्हटलं की पुन्हा हशा झाला, आणि दाराशी उभा असलेला हवालदार बुटांकडे बघायला लागला. "पोरगं चांगलं हाय. पानी दिलं मला. पर मी दिली शेळी आन् त्यानं लिवली खुर्ची."

वकील बसला.

एवढ्यावर संपायला हवं होतं. जजनी टंकलेखक बाईंना नोंद वाचून दाखवायला सांगितलं, साक्षीदाराने ऐकून सही करायची म्हणून. बाई उठल्या आणि खालच्या आवाजात वाचायला लागल्या. "साक्षीदाराचे म्हणणे असे की, तिने आरोपीच्या वाद्यवादनातील एका विशिष्ट त्रुटीच्या आधारे..."

"न्हाई," मिरोफोरू म्हणाली.

रोदूला मागून उभी राहिली. "आई, कर सही. अर्थ तोच आहे."

"अर्थ त्योच, मग बाई का दुसरी? गेल्या खेपेला बी अर्थ त्योच व्हता." तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. "सायेब, मी सही करनार न्हाई. म्या जसं म्हनलं तसं लिवा. चुकतोस तर चुकतोस. मुडदा तर मुडदा."

तोफीच्या वकिलाच्या कपाळावर घाम आला. सही नसलेल्या साक्षीवर सरकारी वकील वरच्या कोर्टात नक्की बोट ठेवणार, आणि खाली बसलेल्या तोफीला हे कळत होतं. त्याने मिरोफोरूकडे बघितलं. तिला वाटलं आता म्हणेल, कर गं बाई सही. तिने त्याच्या डोळ्यांत ते जवळजवळ आलेलं बघितलंही. तोफीने उसन्या कोटाचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं.

"ती करनार न्हाई, सायेब," तो म्हणाला. "मी वळखतो तिला."

तेव्हा टंकलेखक बाई, दिवसभर स्वतःहून न बोललेल्या, म्हणाल्या, "मान्यवर, त्या बोलल्या तसं मला लिहिता येईल. सवय नाही, वेळ लागेल. पण एकोणीस वर्षं ऐकतेय मी लोकांचं. ऐकते एक आणि लिहिते दुसरं. एकदा ऐकलेलं लिहीन."

जजनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. जेवणाची वेळ उलटून गेली होती. "लिवा," ते म्हणाले, आणि यावेळी त्यांनी शब्द सुधारला नाही.

पावणेदोन तास लागले. मिरोफोरू एकेक वाक्य सांगायची, बाई टंकायच्या, थांबायच्या, एखादं अक्षर कसं लिहायचं ते स्वतःशी पुटपुटायच्या. शेवटी चार पानं झाली. मिरोफोरूने ती चष्मा लावून, बोट ठेवून, स्वतः वाचली. छापलेल्या अक्षरात स्वतःचं बोलणं तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग तिने खाली सही केली. कागदावरचं लांबलचक नाव तिने घातलं नाही. गाव हाक मारतं तसं घातलं, मिरोफोरू.

डिसेंबरात तोफी सुटला. जजनी निकालात आणखीही बरंच लिहिलं होतं, गार्डच्या जबानीतल्या वेळा जुळत नव्हत्या वगैरे, पण गावाने एवढंच लक्षात ठेवलं की तोफी बेसूर होता म्हणून सुटला. तोफी मिरोफोरूकडे आभार मानायला आला नाही. तिनेही वाट पाहिली नाही. आला असता तर तिने दार लावून घेतलं असतं.

ऑगस्टात रोदूला चार दिवस सुट्टीवर आली. दुपारी आई बांधावर गोट्यांशेजारी बसलेली, लेक कॅरोबखाली चटईवर, बँकेच्या साहेबांशी मोबाइलवर. "होय सर, तो अर्ज मी सोमवारी मंजुरीसाठी पाठवते." खालून पाव्याचा आवाज वर येत होता. सूर चढत गेला, चढत गेला आणि अडखळला.

"चुकलास!" मिरोफोरू दरीत ओरडली.

"तूच चुकलीस!" खालून आवाज आला. आणि खोकल्यासारखी वाजणारी घंटा सरकत सरकत वर यायला लागली. ढवळा बोकड बांधाच्या पलीकडून डोकं काढून आत आला, थेट रोदूलाच्या पायांजवळच्या वेलीपाशी. मिरोफोरूने गोटा उचलला, पण लेक मधे होती.

रोदूलाने साहेबांना म्हटलं, "सर, एक मिनिट." मग मोबाइल तसाच कानाजवळ उघडा धरून तिने पायातली चप्पल काढली.

"हाड् मुडद्या! तुज्या मालकाला अक्कल न्हाई, तुला तरी हाय का? निघ!"

चप्पल बोकडाच्या शिंगाला लागली. तो दरीत पळाला, घंटा खणखणत. पलीकडे साहेब काहीतरी विचारत होते. मिरोफोरू लेकीच्या हाताकडे बघत राहिली, तळहात कुठे जातो म्हणून. तो कुठेच गेला नाही.

"काही नाही सर," रोदूला म्हणाली, "आमच्या मळ्यात शेरडं शिरली व्हती. हं, तर सोमवारी पाठवते."